ॲग्नेस मावशीला धीर देण्याचा माझा प्रयत्न

माझा फोन आला की लोक आधी खुर्ची शोधतात.

यात माझा तसा दोष नाही. गिरगावातल्या आमच्या चर्चच्या दफनविधी मंडळाचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, कोणी गेलं की सगळ्यांना कळवायचं काम माझं. पेटी कुठून आणायची, फुलं कोण आणणार, शिवडीच्या दफनभूमीत कधी पोचायचं, सगळं मीच सांगतो. त्यात देवाने मला आवाजही असा खोल दिलाय, की मी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी समोरचा म्हणतो, "अरेरे! कधी?" (रिटाला मी लग्नाची मागणी घालायला गेलो, तेव्हा माझं पहिलं वाक्य ऐकून ती म्हणाली होती, "घरी सगळे बरे आहेत ना?")

अशा माणसाकडे लोकांना धीर द्यायचं काम कोणी सोपवू नये. पण लॉकडाऊन लागला आणि ते माझ्याकडे आलं. आलं म्हणजे, मीच ते ओढून घेतलं.

ते दिवसच तसे. चर्चला कुलूप. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध कबुतरं चालायची, त्यांना हुसकवायला एक सायकलसुद्धा नाही. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आख्खी वाडी खिडकीत यायची आणि ती पुढे निघून गेली की खिडक्या पटापट बंद व्हायच्या. माझे फोन मात्र वाढले होते. पूर्वी मी लोकांना सांगायचो, "अमुक गेले, चार वाजता या." आता सांगायचो, "अमुक गेले, येऊ नका." कोणाला शेवटचं भेटायला येऊ नका म्हणून सांगणं म्हणजे काय, ते एकदा सांगून बघा. मी तर रोज सांगत होतो. जेवताना घास तोंडातच फिरायचा. रिटाला म्हणायचो, ॲसिडिटी आहे.

अशात एका रविवारी फादरांनी मोबाइलवर सगळ्यांना एकत्र बोलावलं. स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकोनांत सगळी पॅरिश. अर्ध्या लोकांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

फादर म्हणाले, "प्रार्थना घरात बसून होते. पण शेजाऱ्याची चौकशी फोन उचलल्याशिवाय होत नाही. आपल्यातली जी माणसं एकटी आहेत, ती वाटून घ्या. रोज फोन करा. जेवलात का विचारा. काही लागलं तर नेऊन द्या. सध्या हीच आपली रविवारची मिस्सा." एवढं म्हणून फादर तोंड उघडं ठेवून थिजले. (नेटवर्क!)

मी ताबडतोब हात वर केला. रिटाने तो खाली ओढला.

"जेरोम, तू नको."

"का?"

"तू सामान पोचव. फोन दुसरं कोणी करेल."

"रिटा, मनात प्रेम असलं की झालं. आवाजाचा काय संबंध?"

"मी आवाजाचं नावसुद्धा काढलं नाही," रिटा म्हणाली.

तेवढ्यात फादर वितळले. "जेरोम? तू फोन करणार?" मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, पुन्हा नेटवर्क गेलं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पण हळू बोल हं."

माझ्या वाट्याला जी माणसं आली, त्यांत ॲग्नेस मावशी होती. मावशी मूळची आमच्याच वाडीतली. लग्न होऊन परळला गेली, तरी तिने चर्च गिरगावचंच ठेवलं. आता सत्तरी ओलांडलेली, विधवा. एकुलता एक मुलगा मेल्विन जहाजावर. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर अडकलेलं, तिथले लोक उतरू देत नव्हते. आणि तिचा धाकटा भाऊ इनास आमच्या शेजारच्या घरात राहायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. काही दिवसांपूर्वी इनासला धाप लागली, तेव्हा मीच त्याला हॉस्पिटलात पोचवलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलात फोन नंबर होता तो माझा. इनासची जी काही बातमी येणार, ती माझ्याकडे येणार आणि माझ्याकडून मावशीला जाणार. हे मावशीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मी त्याचा विचार केला नाही. मी विचार करत होतो माझ्या पहिल्या वाक्याचा!

धीर द्यायचा तर सुरुवात दमदार पाहिजे. मी आरशासमोर सराव केला. मग फोन लावला. मावशीने उचलला. मी घसा खाकरून म्हटलं,

"मावशी... खचून जाऊ नकोस."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

"नेटवर्क," मी रिटाला म्हटलं आणि पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. संध्याकाळी लावला. रिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी. नुसती रिंग.

"अरे, घाबरली असेल ती," रिटा म्हणाली.

"धीर दिल्यावर माणूस घाबरेल कसा?"

रिटाने कपाळावर हात मारला. पण आता माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. एकटी बाई. सत्तरी उलटलेली. भांडं पडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. भांडंच पडलं होतं, की मावशी? मावशीच्या बिल्डिंगमधल्या कोणाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. म्हणून मी दादरच्या ज्युलीला फोन केला. ज्युली म्हणजे मावशीची मावसबहीण आणि चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरची प्रमुख. मला फक्त इतकंच विचारायचं होतं, की तुझं मावशीशी बोलणं झालंय का. पण तोंडातून निघालं ते असं:

"ज्युली... ॲग्नेस मावशीची बातमी..."

"अरे देवा! कधी?"

"नाही, म्हणजे कालपासून..."

"काल? आणि तू आज सांगतोस? घरातच?"

"हो, घरातच आहे, पण ज्युली..."

"एकटीच गेली रे बिचारी!" ज्युलीने हंबरडा फोडला आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. ज्युलीचा फोन एंगेज असणं म्हणजे काय, हे दादर ते कुलाबा कोणालाही विचारा.

मी चहा संपवायच्या आत पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीचा फोटो आला. फोटोला चारी बाजूंनी पांढरे गुलाब, खाली पेटती मेणबत्ती, तीसुद्धा हलणारी! त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, 'गोड स्वभावाची बाई.' कोणी लिहिलं, 'देवाने चांगलं माणूस नेलं.' मी घाईघाईने टाइप केलं, 'अजून नक्की नाही.' त्यावर कोणीतरी उत्तर दिलं, 'जेरोम अंकल, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही कोणाकडे बघायचं? धीर धरा.' म्हणजे आता लोक मला धीर देत होते!

ग्रुप बघताना मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. कारण त्या महिन्यात अशा फोटोंमधली सगळी माणसं खरोखरच गेली होती. एकाचाही फोटो परत घ्यावा लागला नव्हता. बघता बघता माझंच मन म्हणायला लागलं, ज्युली बरोबर असेल. तू बोललास आणि ती पडली.

तेवढ्यात फोन वाजला. मेल्विन. जहाजावरून.

"अंकल, मम्मी..." बत्तीस-तेहतीस वर्षांचा दांडगा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. "अंकल, मला इथून उतरू पण देत नाहीत. खरं सांगा."

"मेल्विन," मी म्हटलं, "मला काही माहीत नाही. मी बघायला चाललोय."

पलीकडे नुसतं रडणं. माझ्या आवाजात 'मला काही माहीत नाही' हेसुद्धा बातमीसारखंच ऐकू येतं, त्याला मी काय करू?

चर्चकडून गरजूंना जेवण पोचवायचा पास आमच्याकडे होता. मी स्कूटरची किल्ली घेतली. रिटाने डबा भरला. पेज, वर सुक्या बोंबलाची चटणी.

"रिटा, आणि ती नसली तर?"

"असेल."

"पण नसली तर?"

"तर तिच्या शेजारी कोण राहतं त्याला दे. तेही माणूसच आहे," असं म्हणून रिटा शेगडीकडे वळली. तिची पाठ हलत होती.

भायखळ्यापर्यंत कोणी अडवलं नाही. लालबागच्या पुलाखाली मात्र बॅरिकेड. उन्हात उभा असलेला हवालदार म्हणाला, "कुठे?"

"परळला. मावशी गेली का ते बघायला."

"कुठे गेली? बाहेर पडायला बंदी आहे."

"तशी गेली नाही हो. वारली."

"वारली? मग बघायचं काय?"

"म्हणजे वारली का ते बघायचंय."

हवालदाराने पास बघितला, डबा बघितला. "आणि हे जेवण कोणाला?"

"तिलाच."

त्याने पास माझ्या हातात परत ठेवला. मग बॅरिकेड बाजूला सरकवलं. "जा काका," तो हळूच म्हणाला. "माझी पण आई एकटीच आहे गावाला. जा तुम्ही."

मावशीची बिल्डिंग जुनी, लाकडी जिन्याची. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा सत्तरीतल्या मावशीला लागत नसेल एवढी धाप मला लागली होती. दार बंद. समोरच्या दारातून एक बाई हातात झाडू घेऊन बाहेर आल्या. मालवणच्या परबवहिनी. मावशीच्या बोलण्यात त्यांचं नाव नेहमी यायचं.

"थंयच ऱ्हवा! मास्क वर घेवा! कोण तुमी?"

"मी जेरोम. गिरगावहून. ॲग्नेस मावशी..."

नाव ऐकताच वहिनींचा चेहरा बदलला. "त्या घरात नाय."

"घरात नाहीत? लॉकडाऊनमध्ये कुठे गेल्या?"

"ता माका काय ठावक? जेरोम इलो तर घरात नाय म्हणान सांगा, असा त्यांनीच सांगल्यानी हा!"

बोलून झाल्यावर वहिनींच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. मी मात्र जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसलो. माझे डोळे भरून आले. आयुष्यात कोणी मला टाळतंय याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता!

बंद दाराआडून मावशीचा आवाज आला. "जेरोम, तिथूनच बोल. इनास गेला ना?"

"नाय गं मावशी! इनास आहे! सकाळीच हॉस्पिटलातून फोन होता. ऑक्सिजनवर आहे, पण आहे."

"मग खचून जाऊ नकोस असं का बोललास?"

"धीर द्यायला."

आत मोबाइल उचलल्याची, बटणं दाबल्याची खुडबूड ऐकू आली. मग कडी निघाली. दारात मावशी. फुलाफुलांचा गाऊन, हातात मोबाइल.

"मेल्या," ती म्हणाली, "तुझा फोन आला नि माझ्या हातातला कालवणाचा टोप पडला. कालपासून मी फोनला हात लावला नाय. बोलली, उचलला नाय तर बातमी येणार नाय. बातमी आली नाय तोवर भाऊ जिता हाय." तिने डोळे पुसले आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "आणि आता बघते तर मीच गेलेली! मना सांग, मी कवा गेली?"

मी घडलं ते सगळं सांगितलं. मावशी उंबऱ्यात बसली, मी जिन्यावर, परबवहिनी त्यांच्या दारात. मावशी एकेक मेसेज मोठ्याने वाचायला लागली.

"'देवाघरी गोड आवाजाची भर पडली.' ही ज्युली लिहिते! मना कॉयरमधून काढलं कोणी? हिनेच!"

परबवहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तेवढ्यात मेल्विनचा व्हिडिओ कॉल लागला. आई दिसल्यावर तो आधी रडला, मग हसला, मग चिडला.

"मम्मी, फोन का उचलत नाहीस?"

"मी मेलेली होती ना रे! मेलेली माणसं फोन उचलतात काय?"

जिन्यात आमचं हसू घुमलं. त्या बिल्डिंगमध्ये कितीतरी दिवसांत कोणी हसलं नसावं, कारण वरच्या मजल्यावरून दोघेतिघे वाकून बघायला लागले. मला वाटलं, चला, जेरोमच्या हातून धीर देण्याचं काम एकदाचं झालं!

आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

हॉस्पिटलचा नंबर. मी दोन पायऱ्या उतरून कानाला लावला. पलीकडची सिस्टर सांभाळून, हळू आवाजात बोलली. मी "हो" म्हटलं. पुन्हा "हो" म्हटलं. फोन खिशात ठेवला.

मागे मावशी मुलाला सांगत होती, "आणि ह्या जेरोमने माझ्यासाठी पेज आणली, बघ. मेलेल्या बाईला पेज!"

आयुष्यात मी किती घरांना बातम्या दिल्या असतील. त्या क्षणी एक शब्द सुचेना. हा खोल, सगळ्यांना घाबरवणारा आवाज, तोसुद्धा फुटेना. मी नुसता उभा राहिलो, पाठमोरा.

"मेल्विन, मी मागून करते रे," मावशी म्हणाली. मग मला, "जेरोम. इकडे बघ."

मी वळलो. तोंडावर मास्क होता, पण डोळ्यांना कुठे असतो?

"आता तू बोलत पण नाय," मावशी म्हणाली. "म्हणजे गेला."

मी मान हलवली.

ती रडली नाही. उंबऱ्याला धरून बसून राहिली. परबवहिनींना मास्क, अंतर, काही आठवलं नाही. त्या सरळ येऊन मावशीला चिकटून बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मग मावशीने विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं शेवटी?"

माझ्या तोंडावर आलं होतं, की होतं कोणीतरी, हात धरून होतं, शांतपणे गेला. अशा वेळी हेच सांगतात. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते जमेना. "मला माहीत नाही, मावशी. विचारलं नाही मी."

"मग विचार."

मी तिथेच उभा राहून हॉस्पिटलला फोन लावला, स्पीकरवर. मघाचीच सिस्टर सापडली. म्हणाली, "अंकल अकेले नहीं थे. मैं वहीं थी, बाजू के पेशंट का सलाईन बदल रही थी. उन्होंने चाय मांगी. मैंने बोला, अभी लाती हूँ. बस, फिर..."

मावशीचा चेहरा हलला. "चहाच मागणार तो," ती म्हणाली. "लहानपणी ताप आला तरी दूध घ्यायचा नाय. चहा दे बोलायचा." आणि मग ती रडली. वहिनीही रडल्या. मी जिन्यावर बसलो आणि मीसुद्धा रडलो, त्या सगळ्यांसाठी ज्यांना मी 'येऊ नका' म्हणून सांगितलं होतं. इनाससाठी तर रडलोच.

रडणं ओसरल्यावर मावशीने माझ्याकडे बघितलं. "तू जेवला काय रे?"

"मी?"

"तूच. डोळे बघ कसे खोल गेलेत. तुला कोण फोन करतं?"

मी विचार केला. मला कोणीच करत नव्हतं. माझा नंबर कोण स्वतःहून लावणार?

रिटाने तिच्यासाठी पाठवलेली पेज मावशीने तीन वाट्यांत ओतली आणि आम्ही तिघांनी जिन्यातच खाल्ली. माझा घास त्या दिवशी फिरला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवडीला मोजक्याच माणसांना आत सोडलं. परबवहिनी म्हणाल्या, "त्यांका एकटी कशी धाडू? मी येतंय." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आमच्या दफनभूमीत आल्या. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं पेटी उतरवत होती. प्रार्थना मी म्हणायची होती. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज बसला. मावशीने माझ्या हातावर थोपटलं आणि पुढची प्रार्थना तिने म्हटली. सावकाश, शेवटपर्यंत. वहिनी शेजारी हात जोडून पुटपुटत होत्या, त्यांच्या देवाचं.

त्यानंतर मावशीने घरी बसून फोन करायला घेतले. आधी मला, रोज. मग माझ्या वाट्याची सगळी माणसं तिने मागून घेतली. तिची पद्धत म्हणजे सरळ शिव्या. "काय खाल्लंस? नुसता वरणभात? अंडं घाल मेल्या त्यात! औषध घेतलंस? खोटं बोलू नकोस, मी मरून परत आलेली बाई हाय, मना सगळं कळतं!" लोक तिच्या फोनची वाट बघायला लागले. ज्युलीला तर ती दिवसातून दोनदा फोन करायची आणि कॉयरचा विषय दोन्ही वेळा काढायची. मी स्कूटरवरून डबे आणि औषधं पोचवायचो, दाराशी ठेवायचो, बेल वाजवायचो आणि तोंड न उघडता मागे फिरायचो.

चर्च पुन्हा उघडलं, त्या पहिल्या रविवारी फादरांनी सगळ्यांचे आभार मानले. जे परत आले नव्हते त्यांची नावं घेतली, तेव्हा चर्चमध्ये कोणाचे डोळे कोरडे नव्हते. मग ते म्हणाले, "त्या वाईट दिवसांत आपल्या ॲग्नेस मावशींनी कितीतरी एकट्या माणसांना रोज फोन करून जगवलं." टाळ्या झाल्या. "आणि आपला जेरोम..." फादर थांबले. मी बाकावर ताठ बसलो. रिटाने माझा हात धरला. फादर शब्द शोधत होते. प्रामाणिक माणूस, वेदीवर उभं राहून खोटं कसं बोलणार?

"आणि आपल्या जेरोमने," फादर म्हणाले, "ते फोन त्यांना करू दिले."

टाळ्या मावशीपेक्षा मलाच जास्त पडल्या.